बॉस नव्हे, आजी!

तुमच्या ऑफिसात सगळ्यात सिनिअर कोण आहे? डेझिग्नेशनने नव्हे हं, वयाने. बहुतेकांच्या फ्लोअरवर उत्तर येईल पंचेचाळीस, फार तर पन्नास. आयटीत असाल तर चाळिशीतला माणूससुद्धा 'अंकल' असतो. त्यापुढच्या वयाच्या माणसांचं नेमकं करायचं काय, हे आपल्या कॉर्पोरेट जगाला अजून कळलेलं नाही. केक, फेअरवेल, भिंतीवरचं घड्याळ... खेळ खल्लास!

निसर्गाचा हिशेब तर याहून कडक. तिथल्या अप्रेझल फॉर्ममध्ये एकच कॉलम असतो: पिल्लं किती, आणि त्यातली जगली किती? मग ज्या मादीला आता पिल्लं होणारच नाहीत, तिला पुढची वीस, तीस, चाळीस वर्षं जगवण्यात निसर्गाचा फायदा काय? बहुतेक प्राण्यांत हा प्रश्न उद्भवतच नाही. मादी जवळजवळ जन्मभर विते, आणि ते थांबलं की थोड्याच काळात आयुष्यही संपतं. पण काही मोजके कळप असे आहेत, की तिथे म्हातारी नुसती जगत नाही, तर अख्खा कळप तिच्यामागून चालतो.

या आठवड्यात या म्हाताऱ्यांची गोष्ट. कॅनडाच्या समुद्रातून सुटणारी ही गाडी आफ्रिका, गडचिरोली, माउंट अबू करत बदलापूरच्या हेंद्रेपाड्याला थांबणार आहे. तेव्हा विंडो सीट पकडा!

ग्रॅनीचं राज्य

अमेरिका आणि कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑर्का, म्हणजे किलर व्हेल्सचे कळप राहतात. १९७०च्या दशकापासून संशोधक तिथल्या एकेका व्हेलचा फोटो काढून, तिच्या पाठीवरच्या पंखाच्या आकारावरून तिला ओळखत आलेत. कुणाची आई कोण, कुणाला पिल्लू कधी झालं, कोण कधी दिसेनासं झालं, सगळी कुंडली तयार! या मंडळींत 'जे-टू' नावाची एक मादी होती. लाडाचं नाव 'ग्रॅनी'. एके काळी तिचं वय शंभराच्याही पुढे धरलं जायचं, नंतरचे अंदाज बरेच कमी निघाले. पण ती खूप म्हातारी होती, आणि कळपाच्या पुढे पोहायची, यावर मात्र कुणाचंच दुमत नव्हतं. २०१६च्या ऑक्टोबरात ती शेवटची दिसली.

ऑर्काच्या मादीला साधारण चाळिशीपर्यंत पिल्लं होतात. मग मेनोपॉज. आणि त्यानंतरही ती आणखी तीस-चाळीस वर्षं जगू शकते. या वर्षांत ती करते काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्याचं उत्तर मिळालं. कळप पोहत असताना सगळ्यात पुढे कोण असतं, याचे शेकडो तासांचे व्हिडिओ तपासले गेले. पुढे बहुतेक वेळा या वयस्कर बायकाच! आणि ज्या वर्षी साल्मन मासा कमी असतो, त्या वर्षी तर त्या हमखास पुढे. फंडा क्लिअर आहे. मासा भरपूर असताना कुणीही लीडर चालतो. टंचाईत मात्र कुठल्या खाडीच्या तोंडाशी, कुठल्या महिन्यात, किती भरतीला मासा मिळतो हे जिला आठवतं, तिचीच शेपटी धरायची असते.

आजी नसेल तर काय होतं, याचा हिशेबही लागलाय. २०१९च्या अभ्यासानुसार, मेनोपॉज झालेली आजी वारली, तर पुढच्या दोन वर्षांत तिच्या नातवंडांच्या मृत्यूचा धोका साडेचार पटींनी वाढतो. आणि मुलांचं तर विचारूच नका. तिशी ओलांडलेल्या नराची आई गेली, की पुढच्या वर्षभरात तो मरण्याची शक्यता तब्बल १४ पट! मुलींच्या बाबतीत हा फटका कितीतरी कमी. म्हणजे भलामोठा, टनावारी वजनाचा पुरुष, आणि जेवण अजून आईच्या हातचं. ऑर्का आया खरोखरच पकडलेला मासा तोडून मोठ्या मुलांना देतात. या लाडाची किंमतही आई मोजते: २०२३ साली आलेल्या अभ्यासात दिसलं, की एकेका जिवंत मुलामागे आईला नवं पिल्लू होण्याची त्या-त्या वर्षीची शक्यता निम्म्याहूनही खाली येते. ओळखीचं वाटतंय ना काही?

थांबायचं कधी?

इथे एक खटकणारा प्रश्न उरतो. आजीपण इतकं कामाचं असेल, तर त्यासाठी स्वतःची पिल्लं बंद कशाला करायची? दोन्ही करा की!

२०१७ साली याच ऑर्कांवर झालेल्या एका कामाने याचं उत्तर दिलं, आणि ते एकदम घरगुती आहे. ऑर्कांमध्ये मुलगा घर सोडत नाही आणि मुलगीही सोडत नाही. त्यामुळे वय वाढतं तसं म्हातारीभोवती स्वतःच्याच रक्ताचं गोकुळ वाढत जातं. आता समजा, आई आणि मुलगी दोघींनाही एकाच सुमारास पिल्लं झाली. मासा तेवढाच, तोंडं जास्त. अशा वेळी आईच्या पिल्लाचा मृत्यूचा धोका मुलीच्या पिल्लाच्या १.७ पट असतो. थोडक्यात, या स्पर्धेत म्हातारी हरते. मग हरणाऱ्या स्पर्धेत पैसे लावण्यापेक्षा, तेच भांडवल नातवंडांत गुंतवलेलं काय वाईट?

माणसांत हाच हिशेब सासू-सुनेचा होतो. फिनलंडमधल्या चर्चच्या दोनेकशे वर्षांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी चाळल्यावर २०१२ साली दिसलं, की एकाच घरात सासू आणि सून दोघींनाही एकाच काळात मुलं झाली, तर त्या मुलांची जगण्याची शक्यता निम्म्यावर यायची. आई आणि लेक यांच्यात मात्र असा फटका दिसला नाही. सासू-सून सिरियलवाल्यांना ही थीम कशी सुचली नाही, कोण जाणे! म्हणजे पाळी जाणं हे 'संपणं' नाही. घरातल्या दोन पिढ्यांनी एकाच चुलीवर एकमेकींची भाकरी जाळू नये, यासाठी झालेली ती वाटणी आहे, असं निदान एक म्हणणं आहे.

पण लगेच सगळ्या जंगलाला हा नियम लावू नका. युगांडातल्या न्गोगो भागातल्या चिंपांझींमध्येही मेनोपॉज होतो, हे २०२३ साली सिद्ध झालं. तिथल्या माद्या पन्नाशीनंतरही जगतात. पण चिंपांझींच्या मुली वयात आल्या की बहुतेक दुसऱ्या टोळीत निघून जातात. त्यामुळे नातवंडं सांभाळणारी आजी तिथे नाही. मेनोपॉज आहे, पण आजीपण नाही! आजी व्हायला नुसतं वय पुरत नाही. कुटुंब जवळ लागतं.

दुष्काळ पाहिलेली हत्तीण

हत्तिणीची गोष्ट वेगळी. तिचं प्रजनन बऱ्याच उशिरापर्यंत चालू राहतं, व्हेलसारखा लांबलचक मेनोपॉज तिला नाही. पण कळपाची म्होरकी हे पद मात्र तिचंच. आफ्रिकी हत्तींच्या कळपात माद्या आणि पिल्लं असतात, नर वयात आले की बाहेर पडतात. आणि कळप चालतो सगळ्यात वयस्कर हत्तिणीच्या मागून.

केनियातल्या अंबोसेलीत संशोधकांनी स्पीकरवरून सिंहांच्या डरकाळ्या ऐकवल्या. सिंहिणीची डरकाळी आणि सिंहाची डरकाळी यातला फरक महत्त्वाचा, कारण एकटा सिंहही हत्तीचं पिल्लू पाडू शकतो. २०११ साली निष्कर्ष आला: साठी ओलांडलेल्या हत्तिणी ज्या कळपांत होत्या, तेच कळप नराची डरकाळी ओळखून पटकन एकत्र येत होते. तरुण म्होरक्यांना हा फरक तितकासा कळत नव्हता. सिंह रोज हल्ला करत नाही. म्हणूनच तो ओळखायला वर्षं जावी लागतात.

पण सगळ्यात जबरदस्त केस टांझानियातल्या तारांगिरे अभयारण्याची. १९९३ साली तिथे भयंकर दुष्काळ पडला. एरवी हत्तीची पिल्लं दगावण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास असायचं. त्या वर्षी नऊ महिन्यांत ८१ पैकी १६ पिल्लं मेली. हत्तींचे काही गट अभयारण्य सोडून पाण्याच्या शोधात लांब गेले, एक गट तिथेच थांबला. मेलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त या थांबलेल्या गटातली होती. फरक कुठला? बाहेर पडलेल्या गटांत म्हाताऱ्या हत्तिणी होत्या. १९५८ ते १९६१ या काळात तिथे असाच दुष्काळ पडला होता, आणि तेव्हा त्या लहान होत्या. तीसेक वर्षांपूर्वी आपल्या आईमागून कुठल्या दिशेने चाललो होतो, हे त्यांना आठवलं असावं, असा संशोधकांचा अंदाज. थांबलेल्या गटाकडे तो काळ पाहिलेलं कुणी उरलंच नव्हतं. मोठ्या सुळ्यांसाठी शिकाऱ्यांनी सगळ्यात आधी म्हाताऱ्याच टिपल्या होत्या.

जस्ट इमॅजिन! एक हत्तीण मारली, तेव्हा एक हत्ती कमी झाला असं आपण वहीत लिहितो. प्रत्यक्षात ३० वर्षांपूर्वीच्या पाणवठ्याचा पत्ता गेलेला असतो. आणि त्याचं बिल येतं पुढच्या दुष्काळात, नातवंडांच्या नावावर.

दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्गमध्ये हे आणखी स्पष्ट दिसलं. मोठे हत्ती मारून अनाथ झालेली पिल्लं तिथे नेऊन सोडण्यात आली होती. ती वाढली, त्यांचे कळप झाले, पिल्लं झाली. वरून सगळं ओके! पण २०१३च्या अभ्यासात त्यांना ओळखीच्या आणि परक्या हत्तींचे आवाज ऐकवले, तेव्हा कुणाला घाबरायचं आणि कुणाला नाही, हे त्यांना नीट ठरवता येत नव्हतं. कैक वर्षं उलटल्यावरही! शरीर वाढायला गवत पुरतं. शहाणपण वाढायला आजी लागते.

आपल्याकडचे पाहुणे

आता आशियाई हत्ती, म्हणजे आपले. इथे थोडा ब्रेक मारायला हवा. श्रीलंकेतल्या उडावलवेच्या हत्तींवर शर्मिन डी सिल्वा यांनी बरीच वर्षं काम केलं. त्यांना दिसलं, की तिथल्या हत्तिणींत आफ्रिकेसारखी 'ही बॉस, बाकीच्या तिच्या मागे' अशी पक्की उतरंड नाही. मैत्रिणींची ये-जा जास्त, हुकूम कमी. मग आजीचं महत्त्व कमी का? मुळीच नाही. म्यानमारच्या लाकूडतोडीच्या कॅम्पमधल्या हत्तींच्या नोंदी २०१६ साली तपासल्या गेल्या. विशीच्या आतल्या, नवख्या हत्तिणीचं पिल्लू, तिची आई त्याच कॅम्पमध्ये असेल, तर मरण्याचा धोका आठ पटींनी कमी होता. बॉस नव्हे, आजी! हुकूम चालवावा लागत नाही, बाजूला उभं राहिलं तरी पुरतं.

महाराष्ट्रात हत्ती म्हटलं की आपल्याला देवळातला किंवा मिरवणुकीतला आठवतो. पण २००२च्या सुमारास कर्नाटकातून रानटी हत्ती तिलारीच्या बाजूने सिंधुदुर्गात उतरले, आणि २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून विशीच्या आसपास हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. धानाची शेतं तुडवली गेली, घरं पडली, माणसंही दगावली. ज्यांच्या पिढ्यांनी हत्ती पाहिला नव्हता, त्या गावांना तो एकदम अंगणात दिसला. ही दुहेरी कोंडी आहे बघा. कळपातल्या वयस्कर हत्तिणींना ही जमीन नवी, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना हत्ती नवा. दोन्हीकडच्या आज्यांकडे या प्रसंगाची आठवणच नाही. अनुभव ही मोठी चीज आहे, पण ती जागेला बांधलेली असते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हातारी 'सोल'

हत्ती लांबचा वाटत असेल तर कौलांवर उड्या मारणारं, काळ्या तोंडाचं वानर घ्या. या हनुमान वानरांचा अभ्यास करायला सारा हर्डी ही तरुण अमेरिकन बाई १९७१ साली माउंट अबूला आली. तिचं पुस्तक १९७७ साली निघालं, आणि प्राणिशास्त्रात खळबळ माजली. कारण बाहेरून आलेला नर टोळी ताब्यात घेतो तेव्हा आधीची पिल्लं मारतो, हे तिने मांडलं होतं.

आपल्याला इंटरेस्ट आहे तो तिथल्या म्हाताऱ्यांमध्ये. वानरांत वय वाढलं की मादीचा मान घटतो. तरुण मादी सगळ्यात वर, म्हातारी तळाला. चांगलं फळ दिसलं तर तरुणी तिला ढकलून पुढे जाणार. 'सोल' नावाची अशीच एक म्हातारी होती. तिला पिल्लं होत नव्हती, टोळीच्या कडेकडेनेच ती वावरायची. पण नराने पिल्लावर झडप घातली, तेव्हा त्या धिप्पाड, टोकदार सुळ्यांच्या नरावर धावून जाणाऱ्यांत ही सोल होती, आणि तिच्याबरोबर दुसरी एक म्हातारी! ज्यांना टोळी काहीच देत नव्हती, त्या सगळ्यात मोठी रिस्क घेत होत्या. वानरांत माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, म्हणजे ती पिल्लं बहुधा तिच्याच नात्यातली. गणित जुळतं. पण मान न देता काम करून घेणारी ती टोळी वाचताना मनात कुठेतरी टोचतं, हेही खरंच.

माणसांच्या आजीवर सगळ्यात गाजलेलं काम टांझानियातल्या हाड्झा लोकांमधलं. क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे दिवसदिवस मोजमाप केलं: कोण किती वेळ काम करतं, किती अन्न आणतं. साठीच्या पुढच्या बायका काठीने कडक जमीन खणून कंद काढत होत्या, आणि तरुणींहून कमी नाही, उलट जास्त वेळ राबत होत्या. घरात नवं बाळ आलं की आईचे हात अडकतात. अशा वेळी नुकतं अंगावरून तुटलेलं मोठं भावंडं किती बाळसं धरतं, हे आजी किती खणते त्यावर ठरत होतं. माणसाचं म्हातारपण इतकं लांब का, याचं एक उत्तर म्हणून १९९०च्या दशकात पुढे आलेली 'आजी-थिअरी' ती हीच. आजी होती म्हणून आई लवकर पुन्हा आई होऊ शकली, आणि माणूस पसरला.

आता उतरा, बदलापूर आलं!

हाड्झांचा कंद आणि बदलापूरचा डबा यात तसा फरक काय? बदलापूर ते सीएसएमटी सुमारे ६८ किलोमीटर. सकाळी सातची गाडी पकडायची आणि रात्री आठनंतर घर गाठायचं, हे इथल्या हजारो नवरा-बायकोंचं टाइमटेबल. त्यांचं मूल दिवसभर कुणाजवळ असतं? बसथांब्यावर दप्तर धरून कोण उभं असतं? ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेतं? पाळणाघराची फी वाचते ती तर वाचतेच, पण दोन पगार चालू राहतात ते एका आजीच्या भरवशावर. आपलं करिअर म्हणतात ते पुष्कळदा दोन पिढ्यांचं कष्टाचं खातं असतं. सही फक्त आपली.

बदलापूर पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला हेंद्रेपाडा आहे. मूळचा पाडा, आणि त्याला खेटून वाढलेल्या बिल्डिंगा. ही उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरांतून निघते, कर्जत-नेरळ करत बदलापूरला येते. घाटावर धोधो पाऊस झाला की काही तासांत ती इथे फुगते. २६ जुलै २००५ला ती आली. २७ जुलै २०१९ला पुन्हा आली, त्याच रात्री बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकून पडली आणि हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. तेव्हा आणि २०२१च्या जुलैतही हेंद्रेपाडा पाण्यात होता.

आता एक साधं गणित करा. २६ जुलै २००५ मंगळवार होता. कामाचा दिवस! मुंबईला गेलेले सगळे लोकलमध्ये, ऑफिसात, नाहीतर रुळांवरून चालत. मग नदीकाठच्या घरांत पाणी चढताना तिथे होतं कोण? म्हाताऱ्या आणि पोरं. पाणी आधी कुठल्या ओहोळाने आलं, कुठल्या वळणाला ओढ जास्त होती, कुठल्या ओट्यापाशी थांबलं, हे पाहिलं असेल ते त्यांनी. तेव्हा पन्नाशीत असलेली बाई आज सत्तरी ओलांडून गेलीय. आणि तिच्या लहानपणी, पहिल्या पावसाचे वलगणीचे मासे पकडायला पोरं ज्या ओहोळांवर धावायची, त्या ओहोळांवर आज कुठे पार्किंग आहे, कुठे गेट. पाण्याला मात्र जुनाच पत्ता पाठ असतो!

आता तारांगिरे आठवा. तीसेक वर्षांतून एकदा येणारं संकट, ते आधी पाहिलेली एखादीच म्हातारी, आणि कुणाला विचारायचं हे न कळल्यामुळे जागीच थांबलेला एक गट. नदीकाठच्या सोसायटीत २००५ नंतर फ्लॅट घेतलेली जनता ही तशीच 'थांबलेल्या गटा'सारखी आहे. हुशार, पगारदार, हातात वेदर अ‍ॅप... पण आठवण शून्य. ब्रोशरमध्ये 'रिव्हर व्ह्यू' असतो. व्ह्यू कधीतरी हॉलमध्ये येतो, हे ब्रोशरमध्ये नसतं.

पण घरात आजी आहे ना? आहे. इथेच गडचिरोलीचा धडा लागू होतो. आपल्या फ्लॅटमधली आजी बऱ्याचदा साताऱ्याची असते, जळगावची असते, नाहीतर तळकोकणातली. नातवंडांसाठी तिला इथे आणलेलं असतं. तिला कृष्णेचा पूर माहीत आहे, तापीचा उन्हाळा माहीत आहे, वाशिष्ठीची भरती माहीत आहे. उल्हास तिच्यासाठी परकी. अनुभवाचं पासबुक जुन्या शाखेत राहिलं, आणि नव्या शाखेत तिला फक्त नातवाची ड्युटी मिळाली. वयाने ती म्होरकी, पण या रानात ती नवखीच. मग चौथ्या मजल्यावर तिचा दिवस जातो टीव्हीसमोर. खाली पाड्यात तिच्याच वयाची एक बाई ओट्यावर बसलेली असते, जिला या नदीची खडान्‌खडा माहिती असते. मध्ये असतो एक वॉचमन आणि एक कंपाउंड वॉल.

आजीला सगळं कळतं, असंही नाही. नदी बदलते. काठावर भराव पडतात, पूल होतात, पात्र अरुंद होतं. २००५ला जिथे पाणी आलं नव्हतं, तिथे पुढच्या वेळी येऊ शकतं. म्हणून सरकारी पूररेषाही बघायच्याच: निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. पण रेषा नकाशावर असते. रात्री दोन वाजता पाणी जिन्यापाशी आलं की कुठल्या गल्लीने बाहेर पडायचं, हे नकाशा सांगत नाही. त्यासाठी नकाशाही हवा आणि म्हातारीही.

एक मात्र आहे. व्हेलचा कळप म्हातारीचा मासा खातो, तसा तिच्या मागूनही पोहतो. आपण आजीच्या हातचं खातो, तिच्या जिवावर गाडी पकडतो, पण घर घेताना, गावाकडची जमीन विकताना, मुलाची शाळा ठरवताना तिला विचारतो का? काम हत्तिणीचं आणि मान वानरांतल्या म्हातारीचा, असं आपलं घरगुती कॉम्बिनेशन आहे. आणि तिला दम लागतो, गुडघे दुखतात, तिलाही वीकेण्ड हवा असतो, हे तर आपल्या रोस्टरमध्येच नाही.

तर मंडळी, मॉलमधला एक संडे कॅन्सल करा. पाऊस सुरू व्हायच्या आधी, एखाद्या संध्याकाळी आईला घेऊन खाली उतरा आणि पाड्यापर्यंत चालत जा. कुणीतरी आजी ओट्यावर असेलच. तिला 'काकू, जरा विचारायचं होतं' म्हणून तीनच प्रश्न विचारा. पाणी कुठून आलं होतं? कुठवर आलं होतं? तुम्ही कुठे गेला होतात? मग तुम्ही बाजूला व्हा, मोबाईल खिशात ठेवा आणि त्या दोघींना बोलू द्या. अर्ध्या तासात नदीवरून गाडी सुनांवर येईल, सुनांवरून लोणच्यावर. येऊ द्या. असंच जमतं ते.

फक्त पाणी थांबलं होतं ती खूण त्यांनी दाखवली, की तेवढी नीट बघून ठेवा. तुमच्या पार्किंगच्या वर आहे का खाली, हे मोजूनच घरी या.